जवस गाईला घालावं की कोंबडीला?

घरचं दोन पोती जवस आहे, दुधात किंवा अंड्यात ओमेगा-३ (एक असंतृप्त, म्हणजे पातळ राहणारी चरबी) यावं म्हणून कुणाला घालू, असं मेहुणा विचारत होता.

गाईच्या कोठीपोटात (चारा पहिल्यांदा जातो ते मोठं पोट) जिवाणू बसलेत. जवसातल्या असंतृप्त चरबीला ते हायड्रोजन जोडतात आणि तुपासारखी घट्ट करून टाकतात. दुधात ओमेगा-३ उतरतं ते चिमूटभर. तेल जास्त झालं तर चाऱ्याचं पचनही बिघडतं. शेण पातळ दिसलं की समजा.

कोंबडीला कोठीपोट नाही, त्यामुळे खाल्लेलं ओमेगा-३ बरंच बलकात जातं. दिवसाला शंभरेक ग्रॅम खाणाऱ्या कोंबडीला ५-१० ग्रॅम जवस पुरे. गाईला किलोत लागेल. हात सैल सोडलात तर मात्र अंड्याला माशाचा वास!

ओमेगा-३ हवं तर कोंबडीच. गाईला नुसता खुराकच द्यायचा असेल, तर घाण्यावरची पेंड बरी.