सकाळी निघाली ती पूड, खत नव्हे

"रात्री ओला कचरा टाका, सकाळी खत काढा." या एका वाक्यावर मी विजेवर चालणारं कंपोस्ट यंत्र घेतलं. दोन महिन्यांत भाजीची बहुतेक रोपं गेली आणि यंत्र माथी पडलं ते पडलंच. असं यंत्र घ्यायचा विचार करणाऱ्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी या कामात नवखी नव्हते, याचंच जास्त वाईट वाटतं. कित्येक वर्षं भोकं पाडलेल्या साध्या ड्रममध्ये खत करत होते. पण ते तयार व्हायला चार ते सहा महिने लागत आणि भाजीच्या कुंड्यांना कधीच पुरत नसे. प्रदर्शनातल्या विक्रेत्याने नेमकी हीच अडचण हेरली. "ताई, सहा महिने कशाला थांबता?" टेबलावर पसरट भांड्यात काळंभोर, भुसभुशीत खत ठेवलेलं होतं. "आज सकाळीच या यंत्रातून काढलंय," म्हणाला. मी मूठभर उचलून नाकाशी नेलं. पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तो वास. मुरलेल्या खतातले सूक्ष्मजीव हा वास तयार करतात हे मला माहीत होतं, म्हणूनच माझा विश्वास बसला. त्याने त्यातलं थोडं खत पिशवीत बांधून नमुना म्हणून दिलं. ती पिशवी मी घरी येऊन कपाटात ठेवून दिली.

यंत्र रात्रभर कचरा तापवतं, घुसळतं, बारीक करतं. सकाळी भरल्या भांड्यातून जेमतेम दोन मुठी तपकिरी पूड निघायची. एवढ्या कचऱ्याचं एवढंसं झालं म्हणजे काम झालं, असंच कुणालाही वाटेल. पण भाजीच्या सालींत आणि देठांत ८० ते ९० टक्के पाणीच असतं. पाणी उडालं की पसारा कमी होणारच. कुजणं तिथे सुरूसुद्धा झालेलं नसतं. पुडीला मातीचा वासही नव्हता, भाजल्यासारखा गोडसर वास होता. मी फोन करून विचारलं तर उत्तर मिळालं, "यंत्र नवीन आहे ना, म्हणून. आठवड्यात जाईल वास."

वास गेला नाही. तरीही मी ती पूड कुंड्यांतल्या मातीत चांगली चौथा हिस्सा मिसळली. त्यात टोमॅटो आणि मिरचीची रोपं लावली, एका लांबट कुंडीत घेवड्याचं बी टोचलं. तिसऱ्या दिवशी मातीवर कापसासारखी पांढरी बुरशी आली. पाचव्या दिवशी आंबूस वास सुटला आणि चिलटं घोंघावू लागली. मातीत बोट घातलं तर ती कोमट लागली. घेवड्याचं बी उकरून पाहिलं, ते बुळबुळीत होऊन सडलं होतं. टोमॅटोची रोपं खालून पिवळी पडत गेली. उपटली तेव्हा मुळं तपकिरी आणि मऊ झाली होती. मोठ्या कुंडीतल्या दोन मिरच्या तेवढ्या तगल्या, कारण तिथे पूड कमी पडली होती.

का झालं, ते मला आता कळतं. वाळलेल्या कचऱ्याला पाणी लागताच सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात. ड्रममध्ये जे काम महिनोन् महिने चालतं ते मुळांच्या शेजारी सुरू होतं. मातीतला प्राणवायू संपतो, उष्णता वाढते, आम्लं तयार होतात. त्यात माझ्या यंत्रात शिजलेलं उरलंसुरलं अन्नही जायचं, कारण "काहीही टाका" असं सांगितलं होतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, आणि ते सगळं पुडीत उतरतं.

तक्रार केली तेव्हा विक्रेत्याचा आवाज एकदम बदलला. आधी "मॅडम, तुम्ही जास्त घातलंत." मग "तुमची माती खराब असेल." शेवटी, "आमचं विरजण वापरलं नाहीत का?" विक्रीच्या वेळी या विरजणाचं, म्हणजे कचऱ्यात मिसळायच्या कुजवणाऱ्या जिवांचं, नावही काढलं नव्हतं, आता ते दर महिन्याला विकत घ्यायचं होतं. मी घेतलंही, आधीचे पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून. मात्र या वेळी पडताळा पाहिला. दोन सारख्या बादल्यांत सारखाच ओला कचरा आणि सुका पाला भरला. एकीत त्यांचं विरजण, दुसरीत माझ्या जुन्या ड्रममधलं मूठभर अर्धवट खत. दोन्ही बादल्या एकाच सुमारास तापल्या आणि एकाच सुमारास निवल्या. कुजवणारे जीव सालींवर आणि पाल्यावर आधीपासूनच असतात. जुनं खत घरात असेल तर विरजणावर खर्च करायचं काही कारण नाही.

विक्रेता एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, की खताचा ढीग ५५ अंश सेल्सियसच्या वर तापावा लागतो आणि यंत्र तर त्याहून जास्त तापतं. पहिला भाग खरा आहे. ढीग सलग तीन दिवस तरी तेवढा तापला तर रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. पण ढिगातली ऊब कुजवणारे जीव कचरा खातात त्यामुळे निर्माण होते. यंत्रातली उष्णता विजेची असते, तिने कचरा फक्त भाजला जातो. अर्धं खरं सांगून गळ्यात मारलेल्या वस्तूचा संशय लवकर येत नाही.

मग मी माहितीपुस्तिका शेवटपासून वाचली. खोक्यावर ठळक अक्षरांत "खत" होतं. आत मागच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: एक भाग पूड, दहा भाग माती, आणि लागवडीपूर्वी चार आठवडे मुरू द्यावे. म्हणजे हे खत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

त्याच दिवशी कपाटातली नमुन्याची पिशवी आठवली. पांढऱ्या कागदावर ओतून भिंगातून पाहिलं. लिंबाच्या आकाराचे, पिवळसर, दोन-तीन मिलिमीटरचे दाणे दिसले. काही भरलेले, काही फुटून रिकामे. ते गांडुळांचे कोष, म्हणजे त्यांच्या अंड्यांची आवरणं होती. रात्रभर कचरा भाजणाऱ्या यंत्रातून गांडुळांचे कोष कसे निघतील? प्रदर्शनात मी हुंगलं ते गांडूळ खत होतं, दुसरीकडून आणून त्या यंत्राशेजारी ठेवलेलं. हे कळलं तेव्हा मला फार राग आला. यंत्र निकामी निघालं असतं तर एवढं लागलं नसतं. माझी पारख ज्या वासावर होती, तो वासच त्यांनी गळासारखा वापरला.

फोटो आणि पुस्तिकेचं पान जोडून लेखी तक्रार केली. "वापरलेलं यंत्र परत घेतलं जात नाही," एवढं एका ओळीचं उत्तर आलं.

तुम्ही घेणार असाल तर विक्रेत्याला सरळ विचारा, कचरा कुजतो की वाळतो? तयार म्हणून दाखवलेला माल तिथेच ओला करून बंद पिशवीत घरी आणा आणि आठवड्याने उघडा. आंबूस किंवा नाकात झोंबणारा वास आला तर ते कच्चं आहे. विकतच्या कोणत्याही खताला ही परीक्षा चालते. दुसरी परीक्षा मुळ्याच्या बियांची. निम्मी माती, निम्मं खत अशा मिश्रणात दहा बिया आणि नुसत्या मातीत दहा बिया पेरा. खतातल्या कमी उगवल्या किंवा रोपं पिवळी निघाली, तर ते खत भाजीच्या जवळ नेऊ नका. पैसे देण्याआधी पुस्तिका मागून घ्या आणि मागचं पान आधी वाचा. "वाचायला देता येत नाही" म्हणाले तर तिथूनच परत या.

ज्यांनी आधीच घेतलं आहे, त्यांनी पूड फेकू नये. ती ओला कचराच समजा. ड्रममध्ये पूड एक भाग आणि सुका पाला दोन-तीन भाग असे थर द्या, पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवा, आठवड्याला हलवा. माझी साठलेली पूड अशीच घातली. चौथ्या दिवशी ड्रममध्ये हात ठेवता येईना इतकी ऊब आली. अडीच महिन्यांनी त्यातलं खत चाळून मुळ्याच्या बिया पेरल्या, दहापैकी नऊ उगवल्या.

यंत्राची तार काढून ठेवली आहे. शेजारच्या काकूंनी ते अर्ध्या किमतीत मागितलं होतं. मी त्यांना आत बोलावलं, कागदावर नमुना ओतला आणि हातात भिंग दिलं.