आत्या, उडी उशिरा लागतेय! जुना लॅपटॉप, तीन लिनक्स आणि एक रेट्रोआर्क

माझा २०१३ चा लॅपटॉप आहे. आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १३६६ बाय ७६८ चा पडदा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर चालतो. म्हणजे आमचा गडी दारातच अडला. भंगारात द्यायचा जीव होईना. आतली फिरती डिस्क काढून एसएसडी आधीच बसवली होती आणि कीबोर्ड अजून नवाकोरा. मग ठरवलं, यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकायचं आणि जुने आठ-सोळा बिटांचे खेळ चालवायला रेट्रोआर्क.

रेट्रोआर्कबद्दल आधी एक गोष्ट, कारण पुष्कळजण इथेच गडबडतात. रेट्रोआर्क हा स्वतः एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे खेळ चालवणारा प्रोग्रॅम, नाही. तो नुसता सांगाडा आहे: पडदा, आवाज, गेमपॅड, सेव्ह हे सगळं तो सांभाळतो. खरा एम्युलेटर म्हणजे आत जोडायचा ‘कोअर’. निन्टेन्डोच्या आठ बिटी यंत्रासाठी नेस्टोपिया, गेमबॉयसाठी गॅम्बाटे, गेमबॉय अॅडव्हान्ससाठी एमजीबीए वगैरे. एकदा पॅडची बटणं लावली की सगळ्या कोअरना तीच लागू होतात. ही सोय इतकी मोठी आहे की बाकीचा किचकटपणा मी सहन करते. आणि किचकटपणा आहे, भरपूर आहे. मेन्यूतून सेटिंगमध्ये शिरलं की परत बाहेरची वाट विसरायला होतं.

प्रश्न होता तो खाली कुठलं लिनक्स ठेवायचं हा. तीन वापरून बघितली.

पहिलं लक्का. हे लिब्रेइलेक या छोट्या लिनक्सवर बेतलेलं आहे आणि त्यात रेट्रोआर्कशिवाय काही नाही. इमेज (सबंध सिस्टिमची एक फाइल) पेनड्राइव्हवर लिहायची, त्यावरून मशीन सुरू करायचं, की थेट रेट्रोआर्कचा मेन्यू. डेस्कटॉप नाही, लॉगिन नाही. (इमेज लिहिताना मी घाईत दुसराच पेनड्राइव्ह निवडला आणि दोन सहलींचे फोटो गेले. चूक शंभर टक्के माझी. यादीत ड्राइव्हच्या नावापुढे आकार लिहिलेला असतो, तो वाचायचा असतो.) बटण दाबल्यापासून मेन्यू दिसेपर्यंत चहाचा कप उचलायलाही वेळ मिळत नाही. पॅड लावला, ओळखला. खेळ लावला, चालला. मी खूश.

पण लक्कामध्ये सिस्टिमचा भाग फक्त वाचण्यापुरता असतो. एखादं पॅकेज टाकावं, ब्राउझर उघडावा, पीडीएफ बघावी, यातलं काही नाही. माझ्या घरात हा एकच जास्तीचा लॅपटॉप. तो फक्त खेळण्यासाठी राखून ठेवणं मला परवडणारं नव्हतं.

दुसरं बाटोसेरा. दिसायला तिघांत सगळ्यात देखणं. खेळांची मुखपृष्ठं, प्रत्येक यंत्राचं चित्र, पार्श्वसंगीत, सगळा थाटमाट. पेनड्राइव्हवरूनच चालतं आणि पहिल्यांदा सुरू होताना उरलेली जागा स्वतःच ताब्यात घेतं. खेळांच्या फाइली टाकायची पद्धत मला फार आवडली: घरच्या नेटवर्कवर ‘शेअर’ नावाचा फोल्डर दिसतो, त्यात यंत्रानुसार कप्पे केलेले, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फाइल ओढायची आणि त्या कप्प्यात सोडायची. मेन्यूत असताना एफ१ दाबलं की साधा फाइल मॅनेजरसुद्धा उघडतो. ज्यांना टर्मिनलचं (आज्ञा टाइप करायच्या खिडकीचं) नाव काढलं की घाम फुटतो त्यांनी सरळ हेच घ्यावं, पुढचं वाचू नये. मी घेतलं नाही कारण इथेही लॅपटॉप हा लॅपटॉप राहत नाही, आणि खरं सांगायचं तर तो सजलेला मेन्यू मला चार दिवसांत जड वाटायला लागला. माझ्याकडे खेळ सतरा. सतरा खेळांसाठी एवढा दरबार कशाला?

म्हणून तिसरं, लिनक्स मिंट २२, एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती. जुलै २०२४ ची, उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली, २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. दिसायला अगदी सरळ: खाली पट्टी, कोपऱ्यात मेन्यू. ४ जीबीत ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडून बसता येतं.

बसवताना एकच अडचण आली: वायफाय दिसेना. या चिपला बंदिस्त ड्रायव्हर लागतो, तो इंटरनेटवरून उतरवायचा, आणि इंटरनेटसाठी वायफाय लागतं. किल्ली पेटीत, पेटीला कुलूप. उपाय सोपा निघाला. फोन यूएसबी केबलने जोडला, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं, मिंटला ते तारेचं नेटवर्क वाटलं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून सुचवलेल्या ड्रायव्हरवर टिचकी मारली, मशीन परत सुरू केलं, झालं. ही युक्ती कागदावर लिहून ठेवा, कारण लागते तेव्हा शोधायला नेट नसतं.

आता रेट्रोआर्क. मिंटमध्ये तो दोन वाटांनी मिळतो: एक उबंटूच्या भांडारातलं नेहमीचं पॅकेज, दुसरा फ्लॅटपॅक, म्हणजे लागणारं सामान सोबत घेऊन वेगळं राहणारं पॅकेज. मी शहाणपणा करून आधी पहिलं टाकलं. उघडलं तर कोअर उतरवायचा पर्यायच मेन्यूत नाही! अर्धा तास शोधत बसले. प्रकार असा आहे की डेबियन (उबंटूचा पाया) आणि उबंटू यांच्या बांधणीत तो पर्याय मुद्दाम लपवलेला असतो. सॉफ्टवेअर पॅकेज मॅनेजरमधूनच यावं ही त्यांची शिस्त. म्हणून नेस्टोपिया, गॅम्बाटे, एमजीबीए यांची वेगळी पॅकेजं भांडारात आहेत. पण स्नेसनाइनएक्स आणि जेनेसिस प्लस जीएक्स या सोळा बिटी खेळांच्या कोअरच्या परवान्यात व्यापारी वापराला मनाई आहे, त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरच्या मुख्य भांडारात ते बसत नाहीत. त्यांची शिस्त मला पटते. पण मला सोळा बिटी खेळही खेळायचे होते.

मग फ्लॅटपॅक टाकला. सोबत बराच मोठा रनटाइम (प्रोग्रॅम चालायला लागणारं सामान) उतरतो, तेवढी डिस्क आणि डेटा हाताशी ठेवा. यात कोअर डाउनलोडर उघडा असतो. सगळं हवं तसं मिळालं.

इथे मी एक संध्याकाळ वाया घालवली, ती सांगते. काही सेटिंग मी थेट रेट्रोआर्कच्या कॉन्फिग फाइलमध्ये बदलत होते. बदलायचं, सेव्ह करायचं, रेट्रोआर्क उघडायचं, काही फरक नाही. परत बदलायचं, परत तेच. शेवटी लक्षात आलं की मी बदलत होते ती फाइल पहिल्या पॅकेजची, आणि उघडत होते तो फ्लॅटपॅक. फ्लॅटपॅकवाले आपला संसार वेगळा मांडतात: घरच्या फोल्डरात नावाआधी टिंब असलेला लपलेला ‘व्हार’ फोल्डर असतो, त्याच्या आत ‘अॅप’, त्यात प्रत्येक प्रोग्रॅमचं स्वतंत्र घर. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबलं की दिसतो. मी पहिलं पॅकेज काढून टाकलं आणि डोकं शांत झालं. दोन्ही एकत्र ठेवू नका.

दुसरी एक गंमत: रेट्रोआर्कला फोल्डर दाखवून ‘स्कॅन’ म्हटलं की तो प्रत्येक फाइल आपल्या डेटाबेसशी पडताळून बघतो आणि ओळख पटलेलेच खेळ यादीत घेतो. हौशी लोकांनी हल्ली बनवलेली एक छोटी फाइल माझ्याकडे आहे, ती यादीत येईचना. ‘मॅन्युअल स्कॅन’ केलं की येते. खेळांचं म्हणाल तर मी हल्ली विकत मिळणारे नवे होमब्रू खेळ (जुन्या यंत्रांसाठी आज बनवलेले) जास्त खेळते. २०१९ चा ‘मायक्रो मेजेस’ घ्या. सबंध खेळ ४० केबीत, आणि चौघांना एकत्र खेळता येतो. फोनवरचा एक फोटो याच्या पन्नासपट असतो.

आता मुख्य तक्रार. सुट्टीत भाचा आला, वय वर्षं नऊ. दहा मिनिटं खेळला आणि म्हणाला, “आत्या, उडी उशिरा लागतेय.” मी म्हटलं, “तूच बटण उशिरा दाबतोस.” तो म्हणाला, “नाही गं, परवा तू पेनड्राइव्हवरचं लावलं होतंस ना, त्यात लगेच लागायची.”

पोराचं खरं होतं. लक्का डेस्कटॉपशिवाय थेट पडद्यावर चित्र काढतं. मिंटमध्ये मधे एक्सएफसीईचा कंपोझिटर बसलेला असतो, जो खिडक्यांना सावल्या वगैरे देतो आणि त्यापायी चित्र अडवून धरतो. फोनच्या स्लो मोशनवर सेकंदाला २४० फ्रेम्सने अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत घेऊन चित्रण केलं आणि अंगठा दबल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम्स एकेक करून मोजल्या. कंपोझिटर चालू आणि बंद यांत साधारण चार फ्रेम्सचा फरक आला. फोनची एक फ्रेम म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त, चार म्हणजे १७ च्या आसपास, म्हणजेच ६० हर्ट्झच्या पडद्याची एक अख्खी फ्रेम. नऊ वर्षांच्या अंगठ्याला ती कळते, माझ्या कळली नव्हती. ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये शेवटच्या टॅबवर कंपोझिटरची खूण काढली की झालं. खिडक्यांच्या सावल्या जातात, जाऊ देत.

त्यापुढचं औषध रेट्रोआर्कमध्येच आहे: रन-अहेड. पुष्कळ जुने खेळ मुळातच बटण वाचल्यावर एक-दोन फ्रेम्स उशिरा हलतात. रन-अहेड तेवढ्या फ्रेम्स आधीच पुढे चालवून बघतो आणि ती दिरंगाई गिळून टाकतो. किती फ्रेम्स ठेवायच्या हे अंदाजाने ठरवू नका. खेळ चालू असताना कीबोर्डवर पी दाबून थांबवा, उडीचं बटण दाबून धरा आणि के एकेकदा दाबत जा. दर वेळी एक फ्रेम पुढे सरकते. मी बघितलेल्या खेळात पात्र तिसऱ्या दाबाला हललं, म्हणजे आतली दिरंगाई दोन फ्रेम्सची. मी दोन ठेवलं. हौसेने तीन केलं तर उडीची पहिली पोझ गायब झाली, माणूस जमिनीवरून थेट हवेत. या कसरतीत प्रोसेसर प्रत्येक फ्रेमला जास्तीचं काम करतो. आठ बिटी खेळांना माझा आय-थ्री पुरतो, जड कोअरना दम लागतो.

चित्राबद्दल एक, कारण हे डोळ्याला रोज खुपायचं. निन्टेन्डोच्या आठ बिटी यंत्राचं चित्र २४० ओळींचं, माझा पडदा ७६८ ओळींचा. भागाकार ३.२. म्हणजे चार ओळी तीन पिक्सेल जाड आणि पाचवी चार पिक्सेल जाड. चित्र स्थिर असताना कळत नाही, पण वर-खाली सरकायला लागलं की विटांची भिंत शेवाळासारखी हलते. ‘इंटिजर स्केल’ चालू केलं की प्रत्येक ओळ नेमकी तिप्पट, ७२० ओळी, आणि वर-खाली २४-२४ ओळींची काळी पट्टी. मला ती पट्टी चालते. भाच्याला चालत नाही, त्याला पडदा काठोकाठ भरलेला हवा असतो. त्यावर आमचं एकमत झालेलं नाही.

आवाजाचं मात्र काहीच करावं लागलं नाही, आणि हे रेट्रोआर्कचं खरं कसब. निन्टेन्डोचं ते आठ बिटी यंत्र सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम्स काढतं, पडदा ६०. नुसतं सोडलं तर दर दहा सेकंदांनी एक फ्रेम गळेल किंवा आवाज फटकन तुटेल. रेट्रोआर्क पडद्याचा ठेका धरतो आणि आवाज अर्ध्या टक्क्याच्या आत किंचित ताणतो-आवळतो. कानाला पत्ता लागत नाही.

पॅडचं एक सांगायचं राहिलं. रेट्रोआर्क बटणांची नावं सुपर निन्टेन्डोच्या मांडणीने घेतो: बी खाली, ए उजवीकडे. तुमच्या पॅडवर खालच्या बटणावर ए छापलेलं असेल तर मेन्यूत ‘हो’ म्हणायला जाल आणि मागे फेकले जाल. ‘स्वॅप ओके अँड कॅन्सल’ असा पर्याय आहे. तो मला तिसऱ्या आठवड्यात सापडला.

गुणच द्यायचे तर बसवण्याच्या सोपेपणात बाटोसेरा पहिलं, बटणाच्या चपळाईत लक्का पहिलं, आणि घरात रोज वापरायच्या मशीनवर मिंटला माझ्याकडून पाचपैकी चार. कापलेला एक गुण त्या दोन कॉन्फिग फाइलींच्या संध्याकाळचा. मिंट डिस्कवर आहे, लक्काचा पेनड्राइव्ह सेलोटेपने झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. भाचा आला की तो तोच काढतो. मिंटमध्ये उडी आता लगेच लागते हे मी त्याला फोनवर सांगितलंय. “येऊन बघतो,” म्हणाला.