समथिंग ब्लू: डार्सीचा राग येतो, तरी पुस्तक सोडवत नाही

एमिली गिफिनचं समथिंग ब्लू (२००५) वाचून संपवलं. आधी याचा पहिला भाग, समथिंग बॉरोड, वाचा बरं का, नाहीतर निम्मी मजा जाईल. त्यात डार्सीची जिवलग मैत्रीण रेचल गोष्ट सांगते, इथे डार्सी स्वतः, आणि खरी गंमत तिथेच आहे कारण ही बया स्वतःच्या प्रेमात इतकी बुडालेली की होणाऱ्या नवऱ्याच्या, डेक्सच्या, मित्रापासून, मार्कसपासून, दिवस गेलेत तरी डेक्स रेचलच्या कपाटात सापडल्यावर फसवणूक झाली कुणाची तर म्हणे हिचीच!

पहिली शंभरेक पानं अक्षरशः डोक्यात जाते ती. मग मार्कसशीही बिनसतं आणि ही थेट लंडनला, शाळेतल्या मित्राच्या, ईथनच्या, छोट्याशा फ्लॅटवर जाऊन धडकते, तिथेही आधी शॉपिंगच. पण ईथन तिला तोंडावर सुनावतो ना, तो सीन भारी आहे, लेखिकेने डार्सीला अजिबात वाचवलेलं नाही तिथे. त्यानंतर ती सुधारायची यादी वगैरे करते, ते जरा झटपट वाटलं मला, एवढी मुरलेली खोड इतक्या लवकर जाते होय? आणि लंडनमधल्या डॉक्टर जेफ्रीशी तिचं जुळतं ते प्रकरण नसतं तरी चाललं असतं, शेवटी कोण मिळणार ते कुणालाही कळतंच.

ईथन मात्र आवडला, उगाच गोडगोड नाही. इंग्रजी सोपं आहे, प्रवासात वाचायला मस्त. पहिल्या भागावर २०११ मध्ये पिक्चर आला, त्यात डार्सी झालेली केट हडसनच डोळ्यासमोर येत राहते. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.