10 लाख आयओपीएस की 3 लाख? स्टोरेजची दोन कोटेशनं शेजारी ठेवून

समजा, टेबलावर दोन कोटेशनं आहेत. दोन्ही ऑल-फ्लॅश (सगळे ड्राइव्ह एसएसडी), किंमतही जवळपास सारखी. पहिला व्हेंडर सांगतो 10 लाख आयओपीएस (सेकंदाला होणारी रीड-राइट कामं), दुसरा 3 लाख. खरेदी समितीच्या तक्त्यात हे आकडे शेजारी बसले की निर्णय तिथेच झाल्यासारखा वाटतो. बरीच वर्षं स्टोरेज सांभाळतोय, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच तक्त्याची वाटते. त्यात अटींचा रकाना नसतो.

म्हणून आधी अटी मागून घ्या. पहिल्याच्या 10 लाखांखाली बारीक अक्षरात असतं: 4 केबीचा ब्लॉक (एका वेळी वाचला-लिहिला जाणारा तुकडा), 100 टक्के रीड. दुसऱ्याने लिहिलेलं असतं: 8 केबी, 70 टक्के रीड, 30 टक्के राइट, लेटन्सी (एका विनंतीला उत्तर मिळायला लागणारा वेळ) 1 मिलिसेकंदाच्या आत. आता गुणाकार करा. पहिला सेकंदाला साधारण 4 जीबी हलवतो, दुसरा 2.4 जीबी. तिपटीहून मोठं दिसणारं अंतर दुपटीच्याही आत आलं, आणि राइटचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

तो धरा. पारंपरिक रेड-6 मध्ये (दोन ड्राइव्ह बिघडले तरी डेटा परत मिळावा म्हणून पॅरिटी, म्हणजे जादा तपासणी-माहिती, ठेवणारी रचना) एका छोट्या रँडम राइटसाठी आत 6 कामं होतात: जुना डेटा आणि दोन पॅरिटी वाचायच्या, मग तिन्ही पुन्हा लिहायच्या. दुसऱ्याच्या 3 लाखांत 90 हजार राइट आहेत. कॅशेचा (तात्पुरत्या वेगवान मेमरीचा) फायदा बाजूला ठेवला तर रीडची 2.1 लाख आणि राइटची 5.4 लाख, मिळून आतली 7.5 लाख कामं. आजच्या बऱ्याच सिस्टिम राइट साठवून पूर्ण स्ट्राइप (सगळ्या ड्राइव्हवर पसरलेला डेटाचा पट्टा) एकदम लिहितात, त्यामुळे प्रत्यक्षात भार कमी पडतो. पण पहिल्याच्या चाचणीत एकही राइट नव्हता; त्या मशीनच्या या बाजूबद्दल आपल्याला काहीच कळलेलं नाही.

मला याहून महत्त्वाची वाटते ती लेटन्सी. 1 मिलिसेकंदाच्या लेटन्सीत 10 लाख आयओपीएस मिळवायचे, तर कोणत्याही क्षणी 1000 विनंत्या रांगेत असाव्या लागतात. लेटन्सी 4 मिलिसेकंद असेल, तर 4000. तुमच्याकडे शेकडो व्हर्च्युअल मशीन एकाच वेळी चालत असतील तर अशी रांग लागू शकते. पण रात्रीचा बॅच जॉब एक रेकॉर्ड वाचतो, हिशेब करतो, मग पुढचं मागतो. त्याची रांग एकाचीच. असे 72 लाख रीड असतील तर नुसत्या वाट पाहण्यात 0.5 मिलिसेकंदाला 1 तास जातो, 1 मिलिसेकंदाला 2 तास. डेटाशीटवर 10 लाख लिहिलेत की 3 लाख, याने त्या जॉबला काहीही फरक पडत नाही. आणि सरासरी लेटन्सीवर समाधान मानू नका, 99 वा पर्सेंटाइल मागा, म्हणजे 100 पैकी 99 विनंत्या ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात ती वेळ. सेकंदाला 10,000 विनंत्या असतील तर उरलेला 1 टक्का म्हणजे दर सेकंदाला 100 विनंत्या, आणि तक्रारीचे फोन त्यांच्यामुळेच येतात.

‘4:1 डेटा रिडक्शन’ (4 टीबी डेटा 1 टीबी जागेत मावतो) हा दावाही असाच वाचायचा. तुमचा डेटा आधीच एन्क्रिप्टेड किंवा कॉम्प्रेस्ड असेल, तर 1:1 धरूनच क्षमता मोजा.

मग विश्वास कशावर ठेवायचा? डेटाशीटपेक्षा एसपीसी-1 या स्टोरेज बेंचमार्कचा निकाल नक्कीच वजनदार: त्याचं ऑडिट होतं, पूर्ण कॉन्फिगरेशन आणि किंमत उघड करावी लागते. फाइल स्टोरेजसाठी स्पेकस्टोरेज सोल्यूशन 2020 हा बेंचमार्क आहे, त्यात जीनोमिक्स, सॉफ्टवेअर बिल्ड, व्हिडिओ असे वेगवेगळे वर्कलोड आहेत. मात्र चाचणीतलं कॉन्फिगरेशन तुमच्या कोटेशनमधलंच आहे का, ते ड्राइव्हची संख्या मोजून पाहा.

तरीही शेवटचा शब्द स्वतःच्या पीओसीचा (खरेदीआधी आपल्याकडे घेतलेल्या चाचणीचा). एका पीओसीत पहिली 40 मिनिटं राइट लेटन्सी सरळ रेषेत होती, सगळे खूश. आम्ही चाचणी रात्रभर चालू ठेवली. कोरे ब्लॉक संपले, एसएसडीचं गार्बेज कलेक्शन (जुने ब्लॉक पुसून जागा मोकळी करणं) सुरू झालं आणि सकाळी आलेखाचा उजवा भाग डावीकडच्या कित्येक पट वर गेला होता. तेव्हापासून मी आधी सिस्टिम भरून घेतो, मगच मोजतो. डीडी या कॉपी कमांडने नुसते शून्य लिहून केलेली चाचणी धरतच नाही. कॉम्प्रेशन आणि डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवणं) चालू असलं की ते शून्य ड्राइव्हपर्यंत पोचतही नाहीत. एफआयओ या चाचणीच्या साधनामध्ये किती टक्के डेटा कॉम्प्रेस व्हावा हे ठरवता येतं, तेवढं करा. आणि लोड चालू असताना एक कंट्रोलर (विनंत्या हाताळणारा स्टोरेजचा मेंदू; असे सहसा दोन असतात) बंद करायला सांगा. दोन्ही कंट्रोलर 80 टक्क्यांवर चालत असतील तर उरलेला एक 160 टक्के ओढू शकत नाही. फर्मवेअर अपग्रेडलाही एकेक कंट्रोलर बाजूला घेतला जातो, तेव्हा हा प्रसंग ठरलेलाच आहे.

माझा कौल असा. महिनाअखेरीच्या आठवड्यात आयओस्टॅट या लिनक्सच्या कमांडने स्वतःचा ब्लॉक साइझ, रीड-राइट प्रमाण आणि लेटन्सी नोंदवा. छोटे रीड आणि भरपूर समांतर लोड निघाला, तर पहिल्याला पीओसीची संधी द्या. डेटाबेस आणि रात्रीचे बॅच असतील, तर मी दुसऱ्याकडे झुकेन. पहिल्याने त्याच अटींवर आकडा लेखी दिला तरच पुन्हा विचार करेन. निवड कोणाचीही होवो, पर्चेस ऑर्डरमध्ये एवढं वाक्य घालून घ्या: सिस्टिम 80 टक्के भरलेली, एक कंट्रोलर बंद, आमच्या प्रमाणात रीड-राइट, 99 व्या पर्सेंटाइलला अमुक मिलिसेकंद; हे मोजून दाखवल्यावरच शेवटचा हप्ता.