मायोवेअर २.०: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

आमच्या लॅबमध्ये विद्यार्थी कृत्रिम हाताचं प्रोजेक्ट करतात. त्यासाठी स्नायूंचे सिग्नल (ईएमजी) वाचायला मायोवेअर २.० हा सेन्सर गेल्या पावसाळ्यापासून वापरात आहे.

आधीच्या मॉड्यूलला हातापासून टेबलापर्यंत लोंबणाऱ्या लांब वायरी होत्या. त्वचेवर मिळणारा ईएमजी मिलिव्होल्टमध्ये, आणि त्या वायरी आजूबाजूच्या विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण गोळा करायच्या. ती फिल्टरनं नीट काढताही येत नाही, कारण स्नायूचा सिग्नल साधारण २० ते ५०० हर्ट्‌झमध्येच असतो. ५० च्या आसपासचं कापलं, की सिग्नलचाही लचका जातो.

मायोवेअरमध्ये अँप्लिफायर (सिग्नल मोठा करणारा भाग) त्वचेलगतच आहे. जेल इलेक्ट्रोडची टिचबटणं थेट बोर्डाच्या पाठीला बसतात, त्यामुळे सिग्नल मोठा होऊनच वायरीत शिरतो. मूठ आवळली की आलेख उठतो, सैल सोडली की सपाट होतो. पहिल्यांदा हे पाहणाऱ्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात!

मूठ उघड-मीट करायला एन्व्हलप आउटपुट (सिग्नलची फक्त चढ-उताराची गुळगुळीत रेघ) पुरेसं आहे, ते सरळ अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या अॅनालॉग पिनला जोडा. स्नायूचा थकवा अभ्यासायचा असेल तर मात्र रॉ आउटपुट (गुळगुळीत न केलेला मूळ सिग्नल) घ्या आणि सेकंदाला हजाराच्या वर सॅम्पल घ्या.

खरी मेहनत त्वचेची. केस काढणं, स्पिरिटनं पुसणं, ते वाळू देणं, हे टाळलं तर कितीही चांगलं इलेक्ट्रॉनिक्स फुकट. इलेक्ट्रोड स्नायूच्या फुगीर मध्यावर, तंतूंच्या दिशेनेच लावायचे. जागा पेनानं खूण करून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी आकडे जुळत नाहीत. मे महिन्यात घामानं चिकटपणा जातो, तेव्हा पंख्याखाली बसूनच काम करावं लागतं. इलेक्ट्रोडचं पाकीट उघडं राहिलं तर जेल वाळतं. सेन्सर एकदाच घ्यायचा असतो, इलेक्ट्रोड सतत, म्हणून बजेट त्यांचं आधी करा. बारीक मनगटाच्या, लहान हातावर शेजारच्या स्नायूंचा सिग्नलही मिसळतो, तिथे बोटं वेगवेगळी ओळखण्याचा हट्ट धरू नये.

सेन्सर अंगावर असताना लॅपटॉप बॅटरीवरच चालवा, चार्जर काढलेला हवा. हा सुरक्षिततेचा नियम आमच्याकडे कुणालाच मोडता येत नाही.

प्रोजेक्टसाठी जरूर घ्या. निदानासाठी नाही, आणि ईसीजीसाठी तर नाहीच. याचा फिल्टर स्नायूंसाठी बेतलेला आहे, २० हर्ट्‌झच्या खालचा भाग तो दाबतो आणि हृदयाच्या सिग्नलचा बराचसा ऐवज तिथेच असतो.