धम्मगिरी, इगतपुरी: दहा दिवसांचं विपश्यना शिबिर

शिबिर दहा दिवसांचं, पण आदल्या दिवशी नोंदणी आणि सुटका अकराव्या सकाळी. म्हणून रजा बारा दिवसांची काढा. पहाटे ४ला घंटा, ११ला जेवण, संध्याकाळी ५ला नव्या साधकांना चहा-फळं. फी नाही, शेवटी ऐपतीप्रमाणे दान.

सुरुवातीला आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देणं. लक्ष हळूहळू नाकपुड्यांखालच्या, वरच्या ओठावरच्या चिमूटभर जागेवर आणायचं. श्वास मुद्दाम लांबवला की घोळ होतो. येतो तसाच पाहायचा. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना नुसत्या पाहत राहणं, आणि मग तासाची अधिष्ठान बैठक, न हलता. खरा कस इथे! गुडघा ठणकतो, नीट पाहिलं तर कळ एकसंध नसते, जळजळते, सरकते, विरते. ‘अनित्य’ इथे अंगाला कळतं. बदली, आजारपण, नोकरीची धास्ती पोटात गोळा होऊन येते तेव्हा हीच सवय कामी येते. मात्र कळ घालवायला बसलात तर ती वाढतेच.

बसताना कंबर गुडघ्यांपेक्षा उंच राहील एवढी उशी घ्या. मानसिक आजार असेल तर अर्जात लपवू नका, आधी डॉक्टरांना विचारा. घरी सकाळ-संध्याकाळ तासभर बसायला सांगतात. निदान सकाळचा तास सोडू नका.