बिनदिव्यांची साधी 3200 रॅम: सात महिन्यांनंतर

मशीन मध्यम वकुबाचं: रायझेन 5 5600जी, बी450 चिपसेटचा चार स्लॉटचा मदरबोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. आधी रॅमची 8 जीबीची एकच स्टिक (पट्टी) होती, 2666 वेगाची. ती काढून क्रूशलच्या 8 जीबीच्या दोन डीडीआर4 3200 स्टिक घातल्या, सीएल22 (म्हणजे डेटा द्यायला घड्याळाचे 22 ठोके लागतात), 1.2 व्होल्टच्या. हीट स्प्रेडर (उष्णता पसरवणारा पत्रा) नाही, दिवे नाहीत.

या रॅमचा सगळ्यात मोठा गुण खोक्यावर छापलेला नसतो. हिचा 3200 हा वेग जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमाणातला, म्हणजे मूळचाच. चमचमत्या 3200 सीएल16 स्टिक बहुतेक वेळा मुळात 2133 किंवा 2400 वर सुरू होतात आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे स्टिकमध्ये आधीच भरलेलं जास्त वेगाचं सेटिंग, चालू केल्यावर 1.35 व्होल्टवर 3200 ला पोचतात. त्यात वाईट काही नाही. पण बायोस अपडेट केलं, सीएमओएस क्लिअर झालं (बायोसची साठवलेली सेटिंग पुसली) किंवा बोर्डावरची सीआर2032 बॅटरी संपली की ते सेटिंग पुसलं जातं आणि मशीन मुकाट्याने त्या मूळच्या वेगावर चालत राहतं. महिनोन्महिने कळतही नाही. सात महिन्यांत इथे बायोस एकदा अपडेट झालं आणि रॅम पुन्हा आपोआप 3200 वरच उठली. घरातल्या किंवा ऑफिसातल्या ज्या मशीनच्या बायोसमध्ये नंतर कुणी डोकावणार नाही, तिथे हीच रॅम बरी.

याची किंमत लेटन्सीत, म्हणजे मागितलेला डेटा यायला लागणाऱ्या वेळात, मोजावी लागते. 3200 ला सीएल22 म्हणजे 13.75 नॅनोसेकंद, सीएल16 म्हणजे 10. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या गेमिंग मशीनवर हा फरक मोजता येतो. टॅली, एक्सेल, चाळीस टॅब उघडलेला ब्राउझर, फोटोंची किरकोळ कामं यांत तो जाणवत नाही.

जाणवतं ते दुसरंच: एकाऐवजी दोन स्टिक. 2666 ची एकटी स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त 21.3 जीबी देऊ शकते. 3200 च्या दोन, ड्युअल चॅनलमध्ये (प्रोसेसर दोन्ही स्टिकशी एकाच वेळी बोलतो तेव्हा), 51.2 जीबी. हे कागदावरचे आकडे, पण 5600जी सारख्या चिपमध्ये ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, त्यामुळे हलक्या गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो. 16 जीबीची एकच स्टिक घेऊन ‘पुढे कधीतरी दुसरी टाकू’ हा बेत अशा मशीनवर आतबट्ट्याचा.

स्टिक कुठल्या स्लॉटमध्ये बसवायच्या हे बोर्डावरच छापलेलं असतं. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा, म्हणजे ए2 आणि बी2. शेजारशेजारच्या पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये घातल्या तर मशीन चालू होतं, 16 जीबीही दिसते, पण चॅनल एकच मिळतो. बाजारातून जुळवून आणलेल्या मशीनमध्ये ही चूक सर्रास आढळते. मशीनची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या मेमरी टॅबमध्ये ड्युअल (नव्या आवृत्त्यांत 2 x 64-bit) लिहिलंय का ते पाहावं. तिथे वेग 1600 च्या आसपास दिसला तर घाबरू नये. डीडीआर म्हणजे त्याच्या दुप्पट.

बसवणं पाच मिनिटांचं काम. प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेट आडवं ठेवा, त्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मगच स्टिक हातात घ्या, तीही कडांनी. क्लिप काही बोर्डांवर एकाच बाजूला असते. दुसरी बाजू हलत नाही म्हणून जोर लावू नका. खाच जुळवून दोन्ही टोकं अंगठ्यांनी सरळ दाबा, क्लिप आपोआप मिटायला हवी. पहिल्यांदा दाबणाऱ्याला बोर्ड मोडेल असं वाटतं आणि नव्वद टक्क्यांवर हात थांबतो. ‘नवीन रॅम खराब निघाली’ या तक्रारींमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही वेळ काळी राहते, मशीन एकदोनदा स्वतःच बंद-चालूही होतं. बोर्ड नव्या रॅमचे टायमिंग जुळवत असतो. मधेच प्लग काढू नका. दोन-तीन मिनिटांनीही काही दिसलं नाही तर एकच स्टिक ए2 मध्ये घालून पाहा, मग दुसरी. दोन्ही एकेकट्या चालत असतील आणि जोडीने अडत असतील तर सीएमओएस क्लिअर करा. चालू झाल्यावर रॅम तपासणारा मेमटेस्ट86 हा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चारही पास (तपासणीच्या फेऱ्या) होऊ द्या. एकही एरर चालत नाही. दुकानदार ‘एखादी येतेच’ म्हणाला तरी स्टिक बदलून घ्या, कारण तीच एरर पुढे निळी स्क्रीन किंवा न उघडणारी झिप फाइल होऊन समोर येते.

16 पैकी विंडोजला 15.4 जीबीच वापरता येते. उरलेली ग्राफिक्ससाठी राखीव असते, हरवलेली नसते. दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: रॅम वाढली की हायबरनेटची (मशीन बंद करताना रॅममधलं काम डिस्कवर जपणारी) फाइलही वाढते. ती साधारण रॅमच्या 40 टक्के, म्हणजे 3.2 वरून 6.4 जीबी. सी ड्राइव्ह 120 जीबीच्या एसएसडीवर असेल तर हे टोचतं.

जुनी 2666 स्टिक मोकळ्या स्लॉटमध्ये टाकून 24 जीबी करण्याचा मोह होतो. केलं तर चालतं, पण तिन्ही स्टिक 2666 वर उतरतात आणि वरच्या 8 जीबीला पूर्ण ड्युअल चॅनल मिळत नाही. 16 पुरत नसेल तर 16 च्या दोन घ्याव्यात.

इंटेलवाल्यांनी आधी प्रोसेसर बघावा. आय5-10400 आणि एच410 बोर्ड असेल तर ही रॅम 2666 वरच चालणार. 3200 साठी जास्त पैसे मोजू नयेत. डीडीआर5 ची पट्टीही 288 पिनांचीच, पण खाच वेगळ्या जागी आणि व्होल्टेज 1.1. ती या स्लॉटमध्ये बसत नाही, बसवूही नये.

खरेदी करताना लेबल वाचा. 1Rx8 लिहिलेली घ्यावी. 1Rx16 म्हणजे आठऐवजी चार मोठ्या चिप, त्यात बँक ग्रुप (चिपमधले एकाच वेळी काम करू शकणारे कप्पे) निम्मे आणि प्रत्यक्ष वेग थोडा कमी. दुकानात दोन्हीचा भाव मात्र एकच सांगतात. मायक्रॉनने डिसेंबर 2025 मध्ये क्रूशलचा किरकोळ विक्रीचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, मिळेल तो उरलेला माल. सीलबंद पाकीट आणि सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटीचं बिल यांशिवाय घेऊ नका.

पावसाळ्यात एकदा सकाळी डिस्प्ले आला नाही, बोर्डावरचा रॅमची अडचण दाखवणारा डीरॅमचा दिवा लागून राहिला. दमट हवा आणि धूळ मिळून पिनांवर पातळ थर बसतो. कोकणपट्टीत हे दरवर्षीचं. पांढऱ्या मऊ खोडरबराने सोनेरी पिना हलक्या हाताने एकाच दिशेने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. स्लॉट कोरड्या ब्रशने झाडा, तोंडाने फुंकू नका, फुंकरीतून थुंकी जाते. पॉलिश पेपर तर लांबच ठेवा. सोन्याचा मुलामा एकदा निघाला की खालचा थर गंजायला लागतो आणि मग दर पावसाळ्यात स्टिक काढून पुसत बसावं लागतं.